पाय दुखत नाही, म्हणूनच बघा

कोल्हापूरकरांनो,

घटस्थापना तोंडावर आली आहे. अंबाबाईच्या दर्शनाला रांगा लागतील आणि दरवर्षीप्रमाणे या गावातली असंख्य माणसं नऊ दिवस पायात काही घालणार नाहीत. बिंदू चौकातून, महाद्वार रोडवरून, गंगावेशीतून अनवाणी पावलं देवळाकडे निघतील. काही तशीच पुढे जोतिबाचा डोंगर चढतील. या श्रद्धेबद्दल उणा शब्द काढायचा नाही. पण त्या गर्दीत अशीही पावलं असणार, ज्यांना खालचा खडा, फुटकी काच किंवा ऑक्टोबरच्या उन्हात तापलेली फरशी कळतच नाही. ती शुगर असलेल्या माणसांची पावलं आहेत. हे आवाहन त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी.

मागणं एकच आहे. मधुमेह असलेल्या माणसाचे पाय रोज बघा, आणि जखम दिसली तर ती दुखायची वाट न बघता चोवीस तासांत डॉक्टरांना दाखवा.

अकरा दिवस

शिवाजी पेठेतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. साठीच्या आसपासचे वडील. बारा वर्षांची शुगर, सकाळ-संध्याकाळ गोळी, ‘कंट्रोलमध्ये आहे’ अशी सगळ्यांची समजूत. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी नवी कोरी कोल्हापुरी घेतली आणि दिवसभर मांडवात उभे राहिले. रात्री चप्पल काढली तर अंगठ्याच्या कडेला रुपयाएवढा फोड. नवी चप्पल चावायचीच, म्हणून विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी फोड फुटला. "दुखतंय काय?" "काय न्हाई दुखत." हळद दाबून फडकं बांधलं. चौथ्या दिवशी चादरीवर पिवळट डाग उमटला. "दुखतंय?" "न्हाई गं." औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आल्या. शुगर आहे का, हे दुकानदाराने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आणि या सगळ्या दिवसांत सकाळी दूध आणायला, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारायला ते जातच होते. चालायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना! आठव्या दिवशी खोलीत वास यायला लागला. अकराव्या दिवशी पाऊल सुजून गच्च झालं, अंगठा काळा पडला आणि रिक्षा बोलवावी लागली. दवाखान्यात अंगठ्याबद्दल कुणी बोललंच नाही. पाऊल राहतं की गुडघ्याखाली कापायचं, एवढंच ठरायचं होतं.

हे घर कल्पनेतलं आहे. त्यातला क्रम मात्र कुठल्याही ड्रेसिंगच्या खोलीबाहेर तासभर बसलात तर ऐकायला मिळेल. त्या अकरा दिवसांत औषध कमी पडलं नाही, पैसा कमी पडला नाही, मायाही कमी पडली नाही. ‘दुखतंय का?’ हा प्रश्नच चुकीचा होता.

न दुखण्याचं दुखणं

कमरेतून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस ही शरीरातली सगळ्यांत लांब नस. वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की नसा झिजतात, आणि लांब नसांची टोकं आधी जातात. म्हणून सुरुवात बोटांपासून होते. आधी मुंग्या, मग रात्री तळव्यांची आग, मग कापसावर चालल्यासारखं वाटणं. पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि माणूस दहा पावलं पुढे गेल्यावर कुणीतरी हाक मारून सांगतं. शेवटी आगही थांबते. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पुष्कळदा ती आग पाय सुधारला म्हणून थांबलेली नसते, नस गेली म्हणून थांबलेली असते.

नसा फक्त वेदनेच्या नसतात. पावलातल्या बारीक स्नायूंच्या नसा गेल्या की बोटं आकड्यासारखी वाकतात आणि अंगाचा भार चवड्यावर एकाच जागी पडतो. तिथे घट्टा धरतो. घट्टा म्हणजे चपलेत अडकलेला खडाच. फरक इतका की तो झटकून टाकता येत नाही. दर पावलाला तो आतलं मांस चेचतो. घट्ट्याखाली काळसर-तांबूस डाग दिसला तर समजा, आत जखम तयार आहे, फक्त तोंड फुटायचं राहिलं आहे. घामाच्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात, आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तर तिथूनही जंतूंना वाट मिळते. त्यात गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या, तर भरून यायला लागणारं रक्तच जखमेपर्यंत पोचत नाही. तंबाखू, विडी आणि मिश्री याच वाहिन्या आणखी आवळतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्या दर १०० जणांपैकी १९ ते ३४ जणांच्या पायाला आयुष्यात कधीतरी व्रण होतो, असं जगभरचा अभ्यास सांगतो. मधुमेहात जे पाय कापावे लागतात, त्यांतल्या सुमारे ८५ टक्के पायांच्या बाबतीत सुरुवात अशाच एखाद्या व्रणाने झालेली असते. म्हणजे पाय वाचवण्याची वेळ असते ती व्रण रुपयाएवढा असतानाची.

हा धडा आपल्या देशाला आधी कुष्ठरोगाने शिकवला. तमिळनाडूच्या डोंगरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड विसाव्या शतकाच्या मध्यात वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करत होते. रुग्णांची बोटं रोगाने आपोआप झडतात, असं तेव्हा मानलं जाई. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बधिर झालेल्या हातापायांना इजा कळत नाही, माणूस त्याच जखमेवर काम करत राहतो, चालत राहतो, आणि हात-पाय त्यामुळे जातात. वेदना ही राखण आहे, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. बधिर पायांसाठी रुळलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल आणि पायाच्या आकारात बसवलेलं प्लास्टर, दोन्हीही कुष्ठरुग्णांच्या पायांकडून मधुमेहींच्या पायांकडे आलेल्या गोष्टी आहेत.

दोन मिनिटांची तपासणी

यंत्र लागत नाही. माणसाला आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या शेंड्यावर हलकेच टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही; एक-दोन सेकंद नुसता स्पर्श. कळला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. मग मधलं बोट, मग करंगळी. तसंच डाव्या पायाला. एकूण सहा बोटं. यांतल्या दोन किंवा अधिक बोटांचा स्पर्श कळला नाही, तर पायाची राखण कमी झाली आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्या. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ही पद्धत रूढ केली. ती शाळकरी नातवालाही जमते.

स्पर्शाची ही परीक्षा अधूनमधून. पाय बघणं मात्र रोज, दिव्याच्या उजेडात. तळवा स्वतःला दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. ज्यांची नजर अधू आहे त्यांचे पाय दुसऱ्याने बघायचे. बेचक्या उघडून बघा. टाच बघा. जोडवी रुतलेली नाहीत ना बघा. फोड, भेग, लाली, सूज, ओल, काळा डाग, नखाच्या कडेचं नखुरडं, यांपैकी काल नसलेलं काही आज आहे का? हाताची उलटी बाजू दोन्ही पावलांवर ठेवून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आत काहीतरी पेटलं आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. जखम नाही, पण पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं आहे आणि दुखत फारसं नाही, तर ते मुरगळणं समजून चोळत बसू नका. बधिर पायातली हाडं आणि सांधे आतल्या आत ढासळत असण्याची ती खूण असू शकते. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून फसगत होते. पाय टेकवणं त्याच क्षणी थांबवून तज्ज्ञांकडे जायचं.

जखम दिसली तर

साध्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा, स्वच्छ कोरडी पट्टी सैलसर बांधा, त्या पायावर भार टाकणं थांबवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टरांना दाखवा. घरी करायचं एवढंच.

न करायच्या गोष्टींची यादी मोठी आहे, कारण आपल्याकडे माया करायच्या रीती पुष्कळ. भेगेत बिब्बा भरू नका. बिब्बा कातडी जाळतो आणि बधिर पायाला ते कळत नाही. चुना, तंबाखू, राख, शेण लावू नका. गरम पाण्यात पाय बुडवू नका, शेकू नका, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका. चटका बसलेला सकाळी फोड दिसल्यावर समजतो. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नका, त्यावर औषधी पट्टी चिकटवू नका. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. जखमेला हवा लागू द्या म्हणून ती उघडी ठेवू नका.

आणि या खुणा दिसल्या तर उद्यापर्यंतही थांबू नका: जखमेभोवतीची लाली बोटभर रुंदीच्या पुढे सरकते आहे, पाय सुजून ताणला आहे, वास येतो आहे, बोट निळं, काळं किंवा गार पडलं आहे, थंडी वाजून ताप आला आहे, कारण नसताना साखर एकदम चढली आहे. त्याच रात्री दवाखान्यात जा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मधुमेहात पायात पू पसरत असतानाही पुष्कळांना ताप येत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर

तिथे काय व्हायला हवं हे रुग्णाला ठाऊक असलं की प्रश्न विचारता येतात. पहिली गोष्ट, दोन्ही पायांतलं पायताण निघालं पाहिजे. फक्त जखमी बोटावरची पट्टी सोडून बघणं पुरेसं नाही. मग तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायची असतात. नसा शाबूत आहेत का? त्यासाठी नायलॉनचा एक धागा असतो. १० ग्रॅम दाब पडला की तो वाकतो, तो तळव्याला टेकवून बघतात. रक्त पोचतं का? पावलाच्या वरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी बोटांनी चाचपतात; ती लागली नाही किंवा शंका आली तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात, डॉप्लर करतात. तिसरा प्रश्न, जखम किती खोल आहे आणि तिच्यात जंतू शिरले आहेत का? निर्जंतुक सळईचं टोक आत हाडाला लागलं, तर हाडापर्यंत बाधा गेल्याचा संशय घेऊन एक्स-रे आणि पुढच्या तपासण्या करतात.

उपचारही ह्याच तीन प्रश्नांवरून ठरतात. मेलेलं मांस आणि घट्टा कापून जखमेच्या कडा मोकळ्या कराव्या लागतात. पट्टी सोडल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसते, घरचे घाबरतात. घाबरू नका, ती आता खरी दिसते आहे. जंतूंची बाधा असेल तरच प्रतिजैविकं, आणि ती कोणती हे ठरवायला जखमेच्या वरवरचा पू पुसून पाठवण्यापेक्षा आतल्या मांसाचा तुकडा तपासणं जास्त भरवशाचं. रक्त पोचत नसेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून वाट मोकळी करता येते का, हे बोट कापायच्या आधी बघायला हवं. "रक्तपुरवठा तपासला का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. साखर आटोक्यात आणायची. त्यासाठी काही काळ इन्सुलिन घ्यावं लागलं तर ‘आता सवय लागेल’ म्हणून नको म्हणू नका.

या सगळ्यात घराघरांत जो उपचार बुडतो तो भार काढून घेण्याचा. चवड्यावरच्या जखमेला जगातलं उत्तम मलम लावा आणि तिच्यावर रोज दोन हजार पावलं टाका, ती भरणार नाही. त्यासाठी पायाला घट्ट बसणारं, गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा न निघणारा बूट वापरतात. न निघणारा का? कारण निघणारा आपण काढतो. बाथरूमपर्यंत चार पावलं, देवापर्यंत चार पावलं, दारातल्या पाहुण्याला सोडायला चार पावलं. जखम यातलं एकही पाऊल माफ करत नाही. पाय गार असेल किंवा पू असेल तर असं प्लास्टर चालत नाही, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि दर आठवड्याला जखम मोजून घ्या, फोटो काढून ठेवा. चार आठवड्यांत ती निम्म्याने आवळली नसेल, तर तेच ड्रेसिंग पुढे रेटण्याऐवजी रक्तपुरवठा, जंतू आणि भार यांचा पुन्हा विचार व्हायला हवा.

जखम भरली की संपलं असंही नाही. भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांना वर्षभरात पुन्हा व्रण होतो. भरलेला पाय आयुष्यभर बघायचा.

ज्याच्या त्याच्या वाटणीचं

चप्पल लाइनमधल्या कारागिरांनो, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने आपल्यासारखीच चप्पल मिरवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा सगळं गाव पेटून उठलं. शेवटी त्यांना मूळ कबूल करावं लागलं. २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. त्या चपलेतल्या पायासाठीही तेवढंच उठू या. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं टणक असतं, ते तेल पाजून पायात रुळवावं लागतं. ज्याच्या पायाला चावलेलं कळतं त्याने ते हौसेने रुळवावं. बधिर पायाला अंगठा आणि पट्टा घासून चालत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारा, "शुगर आहे काय?" असेल तर पुढून रुंद, मागे पट्टा असलेली, आत मऊ थर आणि सगळ्यांत लांब बोटापुढे सेंटिमीटरभर जागा असलेली चप्पल सुचवा. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या पायाची मापं घेणारे हात तुमचे आहेत. अशी चप्पल कोल्हापुरातच व्हावी.

तालीम मंडळांनो, नवरात्रात मांडवाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाका, ओळखीच्या डॉक्टरांना दोन तास बोलवा आणि आल्या-गेल्याची सहा बोटं तपासा. डॉल्बीच्या एका रात्रीच्या खर्चाच्या मानाने हे काहीच नाही.

डॉक्टर मंडळींनो, मधुमेहाचा कागद पुढे आला की साखरेच्या आकड्याबरोबर पायही बघा. वर्षातून एकदा सगळ्यांचे, बधिर पायांचे आणखी लवकर लवकर. आणि फोन करून जखमेसाठी गोळी विचारणाऱ्याला गोळी सांगू नका, पाय घेऊन यायला सांगा.

नवरात्राचा नेम असलेल्यांनो, स्पर्श कळत नसेल, पायाला जखम असेल किंवा पूर्वी कधी झाली असेल, तर अनवाणी राहू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाला नेम चालवू द्या. देवळात पायताण काढावंच लागतं, तेव्हा जाड स्वच्छ मोजे घाला, भर दुपारची रांग टाळा आणि घरी आल्यावर तळवे बघा. उपासाच्या दिवसांत गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं हे घट बसायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

खर्चाच्या धास्तीने घरी बसणाऱ्यांनो, सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना, गावाच्या मधोमध आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं याची तिथेच चौकशी करा. खेड्यापाड्यांतल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी. आपल्याला शुगर आहे की नाही हेच ज्यांना ठाऊक नाही, अशा तिशीपुढच्या माणसांची तपासणीही तिथे मोफत होते.

नऊ दिवसांनी दसरा. चौकात सोनं लुटलं जाईल, आपट्याची पानं हातात घेऊन आपण घरोघर जाऊ आणि मोठ्यांच्या पाया पडू. तेव्हा आपली मान पायाशीच वाकलेली असते, नजर मात्र पुढच्या घराकडे असते. यंदा अर्धा मिनिट तिथेच थांबा. टाचेला भेग आहे का? अंगठ्याला फोड आहे का? आत्याबाई ‘काय न्हाई दुखत’ म्हणाल्या तर त्यांचं ऐकू नका.

आणि दसऱ्यापर्यंत तरी कशाला थांबायचं? आज जेवणं झाली की भांडी नंतर आवरा. आजोबांना दिव्याखाली झोपवा, डोळे मिटायला सांगा, आणि नातवाला सांगा: उजव्या अंगठ्यापासून सुरू कर, हलक्या हाताने.